लंकेची अरण्ये आणि आपली घाई

सुटीच्या दिवसांत मुंबई-पुण्याहून श्रीलंकेस निघणाऱ्या मंडळींच्या हाती जी कार्यक्रमपत्रिका पडते, तीत सीतामातेच्या मंदिरापासून कोलंबोच्या बाजारपेठेपर्यंत सर्व काही सापडते, आणि या सर्वांच्या मधोमध, दुपारचे भोजन आणि पुढचा मुक्काम यांच्यामध्ये जे तीन-चार तास उरतात त्यांत, एका राष्ट्रीय उद्यानाची जीपसफारीही बसवलेली असते. काटकसरीने पैसा साठवून परदेश पाहावयास निघालेल्या कुटुंबाने थोड्या दिवसांत पुष्कळ पाहण्याची इच्छा धरली, तर ती मला मुळीच गैर वाटत नाही. परंतु देऊळ, किल्ला अथवा चहाचा मळा ज्या हिशेबाने पाहता येतो, त्या हिशेबाने उष्ण कटिबंधातील अरण्य पाहता येत नाही. ते तीन तासांत उरकण्याचा जो प्रघात पडला आहे तो अरण्यास अपायकारक आहे, पाहणाऱ्याच्या पदरीही तो फारसे काही टाकत नाही, आणि तो मोडण्याची जबाबदारी जितकी तेथील सरकारची, तितकीच पैसे मोजून तेथे जाणाऱ्या आपली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या उद्यानाचे नाव या पत्रिकांत हटकून आढळते ते याला, लंकेच्या आग्नेय किनाऱ्यावर, हंबनतोटच्या पलीकडे पसरले आहे. इंग्रजी अमलात 1900 साली येथे राखीव क्षेत्र जाहीर झाले, बोअर युद्धात कैद होऊन लंकेत आलेला आणि राजनिष्ठेची शपथ घेण्याचे नाकारल्यामुळे मायदेशी परतू न शकलेला एंगेलब्रेख्ट नावाचा गृहस्थ त्याचा पहिला रक्षक झाला, आणि 1938 मध्ये त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. याच हंबनतोट जिल्ह्याचा मुलकी कारभार 1908 पासून 1911 पर्यंत लेनर्ड वुल्फ या तरुण अधिकाऱ्याच्या हाती होता, आणि दुष्काळ, हिवताप, सावकारी व महसूल यांच्या कात्रीत सापडलेले जंगलातील एक खेडे कसे हळूहळू नाहीसे होते, याची कहाणी त्याने पुढे आपल्या कादंबरीत सांगितली. त्या मुलखातील अरण्य मनुष्यास किती कठोर होते याची ज्यास कल्पना हवी असेल, त्याने ती अवश्य वाचावी. कारण आज त्याच मुलखात आपण डांबरी रस्त्याने पोहोचतो आणि रात्री पंख्याखाली निजतो.

यालाचे एकूण क्षेत्र 979 चौरस किलोमीटर असून त्याचे पाच विभाग पाडलेले आहेत. परंतु प्रवाशांचा बहुतेक सारा भार सुमारे 141 चौरस किलोमीटरच्या पहिल्या विभागावरच पडतो, कारण बिबट्या तेथे दिसण्याचा संभव सर्वाधिक असतो. लंकेत वाघ नाही, सिंह नाही. बिबट्याच तेथील वनांचा धनी, आणि त्यामुळे आपल्याकडील बिबट्याइतका तो बुजरा राहिलेला नाही, दिवसाउजेडी खडकावर पहुडलेला दिसतो. याच निर्भयपणाचा आता त्यास जाच होऊ लागला आहे. पहाटे पलटुपानच्या दारापाशी जीपगाड्यांची रांग लागते, दार उघडताच त्या धुरळा उडवीत सुटतात, आणि कोणा एकास बिबट्या दिसला की हातातल्या फोनवरून ती वार्ता क्षणार्धात सर्वत्र पसरून, हरिण, मोर, अस्वल, पाणथळीतील रंगीत करकोचे यांपैकी कशाचीही दखल न घेता, पन्नास दिशांनी निघालेल्या गाड्या एकाच अरुंद वाटेवर येऊन अडकतात. पुढच्यास मागे येता येत नाही, मागच्यास काही दिसत नाही, इंजिनांची घरघर थांबत नाही, आणि रस्ता ओलांडून पाण्यावर जावयाचे ज्या जनावराच्या मनात असते ते झुडपात दबा धरून बसते. दोन तासांनी परतणाऱ्या प्रवाशास विचारले असता तो एवढेच सांगतो, की शेपटी दिसली किंवा दिसली नाही.

या धावपळीचा सारा दोष जीप हाकणाऱ्यांच्या माथी मारणे हा अन्याय होईल. तिस्समहारामच्या आसपासची ही साधी माणसे. कित्येकांची गाडी कर्जाऊ रकमेतून घेतलेली असते, आणि दिवसाच्या मिळकतीचा बराचसा भाग प्रवाशाने खुशीने दिलेल्या बक्षिसावर अवलंबून असतो. ही खुशी केवळ बिबट्या दिसण्यावर ठरत असेल, तर तो मनुष्य वेग वाढवणारच. मागणी आपली असते. तो ती पुरवतो. वन्यजीव खात्याने गाड्यांच्या वेगावर मर्यादा घातली आहे, आणि अवर्षणाच्या दिवसांत, सामान्यतः सप्टेंबरच्या आरंभापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, पाणवठे आटून जनावरे हवालदिल झालेली असतात तेव्हा, पहिला विभाग बंद ठेवण्याचा रिवाजही आहे. हा बंद दरवाजा मला त्या उद्यानाच्या कारभारातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. त्याबद्दल प्रवाशांनी कुरकुर करावी, आणि ‘इतक्या लांबून आलो’ ही सबब पुढे करून एखादी वाट मोकळी करून मागावी, हे मात्र मनास फार लागते.

आता यालापासून पश्चिमेस, नैऋत्य लंकेच्या ओल्या डोंगरांत असलेल्या सिंहराज अरण्याकडे वळू. येथे जीप आत जात नाही. परवाना काढून, वाटाड्या बरोबर घेऊन पायी जावे लागते, आणि वाटेत जळवा चढतात म्हणून गुडघ्यापर्यंत जाड मोजे चढवून त्यांवर साबण किंवा मीठ चोळण्याची तेथे चाल आहे. वर्षाकाठी साडेतीन ते पाच हजार मिलिमीटर पाऊस झेलणारे हे वन 1970 नंतरच्या दशकात जवळजवळ नष्ट होण्याच्या मार्गावर होते. प्लायवूडच्या कारखान्यासाठी यंत्रांच्या साहाय्याने तेथे तोड सुरू झाली होती, आणि ती जनतेच्या व शास्त्रज्ञांच्या विरोधामुळे 1977 मध्ये थांबली. पुढे 1988 साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. आज ज्या रुंद वाटेने प्रवासी चालतात ती वाट मुळात ओंडके वाहून नेण्यासाठी काढलेली होती, हे वाटाड्याने सांगितले म्हणजे पावले आपोआप मंदावतात.

सिंहराजात पहिला तासभर काहीच दिसत नाही, असेच बहुतेकांना वाटते. शंभर-सव्वाशे फूट उंचीची झाडे एकमेकांस भिडून उभी असतात, प्रकाश खाली झिरपतो तो हिरवट होऊन, आणि ज्यांतील साठ टक्क्यांहून अधिक जाती या बेटाबाहेर कोठेही उगवत नाहीत अशा वृक्षांच्या मधून आपण चाललो आहोत याची जाणीव डोळ्यांना अद्याप झालेली नसते. मग एकाएकी एक थवा येतो. नारिंगी चोचीचे सातभाई पुढे, त्यांच्यामागे तुरेवाला कोतवाल, वरच्या फांद्यांवर टकाचोराच्या कुळातला तो गर्द निळा व तांबूस पक्षी, मध्येच मलबारी कर्णा, असे दहाबारा जातींचे चाळीसेक पक्षी एकत्र चरत, पानापानांतले किडे टिपीत, पंधरा मिनिटांत डोक्यावरून निघून जातात. प्राध्यापक सरत कोटगम आणि त्यांचे सहकारी यांनी 1981 पासून या मिश्र थव्यांचा अभ्यास चालवला, आणि त्यांत असे आढळले, की थव्यातील कोतवाल इतर जातींच्या धोक्याच्या हाकांची हुबेहूब नक्कल करतो. एक पक्षी दुसऱ्याची भाषा बोलतो आणि त्या बोलण्याने सर्वांची राखण होते, ही गोष्ट धावत्या गाडीतून कोणासही कळली नसती.

आणि त्याहूनही विलक्षण गोष्ट एका घुबडाची आहे. 1995 मध्ये दीपल वरकगोड या पक्षीतज्ज्ञाने कितुल्गलच्या वनात रात्री एक अनोळखी हाक ऐकली. ती हाक लंकेतील ज्ञात पक्ष्यांपैकी कोणाचीही नव्हती. तिचा माग काढीत तो वर्षानुवर्षे वनांत फिरत राहिला, आणि अखेर 2001 च्या जानेवारीत, सिंहराजमध्ये, ते लहानसे तांबूस घुबड त्याच्या दृष्टीस पडले. 1868 नंतर लंकेत सापडलेली पक्ष्याची ही पहिली नवी जात होय. हाक ऐकणे आणि पक्षी पाहणे यांमध्ये जवळपास सहा वर्षे गेली, आणि या सहा वर्षांत वरकगोड त्या वनास कंटाळला नाही. आम्हां प्रवाशांना सहा वर्षे कोठून असणार? परंतु सहा तास असू शकतात, दोन दिवस असू शकतात, आणि दोन दिवस एकाच वनात राहिलेल्या मनुष्यास जे ऐकू येते ते सहा वनांतून दौडत गेलेल्यास येत नाही, याविषयी माझ्या मनात तिळमात्र संदेह नाही.

मराठी वाचकाने सिंहराजकडे विशेष आपुलकीने पाहावे, यास एक सबळ कारण आहे. जैववैविध्याच्या जागतिक आराखड्यात सह्याद्री आणि श्रीलंका मिळून एकच प्रदेश गणला जातो. समुद्राची पातळी खाली असताना श्रीलंका भारताशी जमिनीने जोडलेली होती. म्हणूनच ज्या भेरली माडाची काळी, सुवासिक गुळाची ढेप सिंहराजच्या कडेच्या खेड्यांत विकत मिळते, तोच माड आपल्या कोकणातल्या रानांत उभा आहे. जो नागकेशर लंकेचा राष्ट्रीय वृक्ष आहे, तो आपल्या वैद्यांच्या मात्रेत आहे. आणि आंबोली-तिलारीकडे ज्यास कर्णा दिसला आहे, त्यास सिंहराजातील कर्णा परका वाटणार नाही. आपल्या डोंगरांचे हे दक्षिणेकडचे भावंड आहे, आणि त्याच्या घरी गेल्यावर केवळ बिबट्याची चौकशी करून परतणे आपल्याला शोभत नाही.

हॉर्टन प्लेन्सविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथील निसर्ग भव्य असला तरी प्रश्न सोपा आहे. दोन हजार मीटरहून उंच असलेले ते गवताळ पठार, त्याच्या काठावर सुमारे 870 मीटर तुटलेला ‘जगाचा शेवट’ नावाचा कडा, मध्ये सांबरांचे कळप, आणि तेथूनच उगम पावणाऱ्या महावेली, केलनी व वलवे या नद्यांची पाणलोटे. धुके नऊ-दहाच्या सुमारास दाटते म्हणून लोक पहाटेच निघतात. प्रवेशद्वारावर प्रत्येकाची पिशवी तपासतात, प्लास्टिकची वेष्टने काढून घेतात, पाण्याच्या बाटलीवरचा कागदही सोलून ठेवतात. काही प्रवासी या झडतीने रुष्ट होतात. मला तो बंदोबस्त आदर्श वाटतो, आणि तो आपल्या किल्ल्यांच्या पायथ्याशी केव्हा येईल, याची मी वाट पाहत आहे.

मिन्नेरियाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि अरण्य म्हणजे मनुष्यविरहित भूमी अशी जी समजूत राष्ट्रीय उद्यानांच्या फलकांनी रूढ केली तिला छेद देणारी आहे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या अखेरीस राजा महासेनाने भातशेतीसाठी तेथे विस्तीर्ण तलाव बांधला. ईशान्य मोसमी पावसात तो भरतो, पुढे शेतांना पाणी सोडल्यामुळे ओसरत जातो, आणि जुलै ते सप्टेंबर या कोरड्या दिवसांत उघड्या पडलेल्या तळावर कोवळे गवत उगवले, की आसपासच्या रानांतून हत्तींचे कळप तेथे जमू लागतात. एका संध्याकाळी दोन-तीनशे हत्ती दिसल्याची नोंद आहे. आशियाई हत्तींचा याहून मोठा मेळा पृथ्वीच्या पाठीवर नाही असे म्हणतात. भंडारा-गोंदियाकडील मालगुजारी तलावांच्या काठी ज्यांनी रानजनावरांचे आणि शेतकऱ्यांचे एकाच पाण्यावर चालणारे जीवन पाहिले आहे, त्यांस याचे आश्चर्य वाटणार नाही. परंतु अलीकडच्या काळात मोरगहकंद धरणाचे पाणी कोरड्या दिवसांतही मिन्नेरियात सोडले जाऊ लागल्यामुळे तळ उघडा पडण्याचे प्रमाण घटले, गवत बुडाले, आणि हत्ती अन्यत्र, बहुधा शेतांकडे, वळू लागले. पाटबंधाऱ्याच्या दप्तरात जो आकडा पाण्याची सोय म्हणून मांडला जातो, तोच हत्तींच्या उपासमारीचा आकडा असू शकतो, हे दोन्ही खात्यांनी एका मेजाभोवती बसून पाहिले पाहिजे.

हा प्रश्न तेथील खेडुताच्या जिवाशी भिडलेला आहे. 2011 च्या गणनेत लंकेत 5,879 हत्ती मोजले गेले, आणि त्यांतील मोठा हिस्सा उद्यानांच्या हद्दीबाहेर, माणसांच्या शेजारी राहतो. हत्ती-मानव संघर्षात आता दरवर्षी शेकडो हत्ती आणि शंभराहून अधिक माणसे मरतात. आपण जीपमधून ज्या हत्तीचे छायाचित्र घेतो तोच रात्री कोणाच्या तरी भातखाचरात शिरलेला असतो, आणि ज्या शेतकऱ्याने रात्र मचाणावर जागून काढली त्यास आपल्या प्रवेशपत्रिकेच्या रकमेतून काय मिळते, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. यावरचा एक उपाय मला अत्यंत समंजस वाटतो. पृथ्वीराज फर्नांडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नाने काही गावांत विजेचे कुंपण उद्यानाच्या सरहद्दीवर न घालता शेताभोवती, पेरणीपासून कापणीपर्यंतच, गावकऱ्यांनी स्वतः उभारावयाचे आणि पीक निघताच काढून घ्यावयाचे, अशी वहिवाट घातली गेली. त्यामुळे पीक राखले जाते आणि कापणीनंतरचे धसकट व गवत हत्तीला मिळते. परदेशी प्रवाशाकडून स्थानिकापेक्षा पुष्कळ अधिक शुल्क घेतात म्हणून आपली मंडळी तेथे वाद घालतात. त्यांनी तो वाद सोडून द्यावा, आणि त्या वाढीव रकमेतला ठरावीक हिस्सा अशा कुंपणांस जावा, असा आग्रह धरावा.

हत्ती जवळून पाहण्याची हौस भागवावयाची तर पिन्नवलाच्या हत्ती-अनाथालयास न जाता उडवलवेच्या संगोपनगृहाकडे जावे, असे मी प्रत्येकास सांगत असतो. तेथे 1995 पासून पोरकी पिले वाढवली जातात. प्रवाशाने त्यांस दुरून, ओट्यावर उभे राहून, दूध पिताना पाहावयाचे, स्पर्श करावयाचा नाही, आणि मोठी झाल्यावर ती पुन्हा रानात सोडली जातात. मिरिस्साच्या समुद्रात निळा देवमासा पाहावयास जाणाऱ्यांनीही हाच नियम पाळावा आणि अंतर राखून होडी थांबवणाऱ्या नावाड्यास दोन पैसे अधिक द्यावेत.

या सर्व चर्चेत एक वेदना दडलेली आहे, आणि तिचा उच्चार केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. 1983 मध्ये मदुरु ओय राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले तेव्हा, ज्यांचे पूर्वज त्या रानात पिढ्यान्‌पिढ्या शिकार आणि मध यांवर जगत आले होते, त्या वेद्दा लोकांस तेथून हलवून नव्या वसाहतींत नेण्यात आले, आणि शिकारीस मज्जाव झाला. दंबानचा वृद्ध नायक तिसहामी याने आपली भूमी सोडण्याचे अखेरपर्यंत नाकारले. रक्षणाचा हेतू शुद्ध होता यात मला शंका नाही. पण ज्याने रान राखले त्यालाच चोर ठरवून प्रवाशासाठी दार उघडणे, हा त्या हेतूला लागलेला डाग आहे. आपल्याकडे मेळघाटातील कोरकू गावांनी हेच दुःख भोगले आहे.

याउलट कुमन आणि याला या दोन्ही उद्यानांतून, दरवर्षी जून-जुलैच्या सुमारास, उत्तरेकडील जाफन्यापासून निघालेले कार्तिकेयाचे भक्त कतरगामच्या उत्सवासाठी पायी जातात. ओकंदच्या मंदिरापासून पुढे काही ठरावीक दिवसांसाठी वन्यजीव खाते ही वाट मोकळी करते. हत्ती आणि बिबट्यांच्या रानातून, कित्येक अनवाणी, डोक्यावर गाठोडे आणि मुखी देवाचे नाम घेऊन ही माणसे चालत राहतात, आणि त्या देवाची पत्नी वल्ली ही वेद्दांची लेक मानली जाते. आषाढी वारीची सवय असलेल्या मराठी माणसास हे दृश्य समजावून सांगावे लागणार नाही. मनुष्य अरण्यातून जाऊ शकतो, हजारोंच्या संख्येनेही जाऊ शकतो, मात्र त्याच्या चालीस मर्यादा असावी लागते, मुदत ठरलेली असावी लागते, आणि काही हस्तगत करण्याच्या हेतूने तो तेथे आलेला नसावा लागतो.

म्हणून माझ्या सूचना व्यवहाराच्या आहेत. लंकेच्या सरकारने यालाच्या पहिल्या विभागात एका वेळी शिरणाऱ्या गाड्यांची संख्या ठरवून ती काटेकोरपणे पाळावी, जनावराजवळ एका वेळी किती गाड्या थांबाव्यात आणि किती मिनिटे, हे लेखी ठरवून त्याचा भंग करणाऱ्याचा परवाना काही दिवस स्थगित करावा, आणि वाटाड्यांना पगार इतका द्यावा की बक्षिसासाठी त्यांस शर्यत लावावी लागू नये. आपल्याकडे ताडोबात, जे 1955 मध्ये जाहीर झालेले महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान आहे, हीच गर्दी वाघाभोवती जमते आणि येथेही याच उपायांची निकड आहे. तेव्हा लंकेस उपदेश करताना चंद्रपूरच्या वेशीवरची व्यवस्थाही सुधारण्याचा आग्रह आपण धरला पाहिजे.

प्रवासी मंडळ्यांच्या चालकांनी कार्यक्रमपत्रिकेतून दोन शहरे वगळून त्या ठिकाणी एका वनाच्या कडेला सलग दोन रात्री घालाव्यात, आणि ग्राहकांनी आरक्षण करताना बिबट्या दिसण्याची हमी मागण्याऐवजी वाटाड्या कोण आहे, तो कोठचा आहे आणि त्यास काय मिळते, हे विचारावे. गर्दी टाळावयाची असेल तर विल्पत्तूकडे जावे. यादवीच्या काळात वर्षानुवर्षे बंद राहिलेले ते उद्यान, पावसाच्या पाण्याने भरणाऱ्या नैसर्गिक तळ्यांनी वेढलेले, यालापेक्षा पुष्कळ शांत आहे. सिंहराजच्या कुडव या दाराशी गावकऱ्यांच्या घरांत उतरावयाची सोय आहे, तेथील भात-भाजी आणि भेरली माडाचा गूळ आपल्या तोंडास सहज रुचतो, आणि पहाटे निघणारा वाटाडा त्याच घरातला असतो. यालास जाण्याची तारीख सप्टेंबरात पडत असेल, तर ती बदलून घ्यावी.